पाळी थांबण्याच्या वयात रोजचे चालणे पुरेसे आहे का?

कृष्णाकाठ (सातारा) यांचा प्रश्न

नमस्कार. माझे वय ४७ आहे. गेल्या वर्षभरापासून पाळी कधी दोन महिन्यांनी, कधी तीन महिन्यांनी येते. मी एका कार्यालयात हिशेबाचे काम पाहते, त्यामुळे दिवसातले सात-आठ तास खुर्चीवरच जातात. मात्र दोन वर्षांपासून मी रोज पहाटे यवतेश्वर घाटाच्या रस्त्याने चाळीस मिनिटे चालते आणि भर पावसाचे काही दिवस सोडले तर त्यात खंड पडू दिलेला नाही. व्यायामाच्या बाबतीत आपले बरे चालले आहे, अशीच माझी समजूत होती.

मागच्या महिन्यात हाडांची डेक्सा चाचणी केली. कंबरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडांच्या तुलनेत घनता किती, हे सांगणारा आकडा) उणे १.८ आणि खुब्याचा उणे १.४ आला. डॉक्टर म्हणाले की, उणे १ ते उणे २.५ या टप्प्याला ऑस्टिओपेनिया म्हणतात, अजून ते ठिसूळ हाडांचे दुखणे नाही, आत्ता औषधही नको, पण चालण्यासोबत वजन उचलण्याचा व्यायाम सुरू करा. कोणते वजन, किती, कसे, हे विचारायला मी तोंड उघडले तेवढ्यात पुढचा रुग्ण आत आला.

मला ही गोष्ट सोडून देता येत नाही, कारण माझी आई ६९व्या वर्षी न्हाणीघरात घसरली आणि तिचा खुबा मोडला. शस्त्रक्रिया चांगली झाली, तरी त्यानंतर ती अंगणाच्या तीन पायऱ्या कधी एकटीने उतरली नाही. सतत कुणाचा तरी दंड धरून चालणारी आई मी सहा वर्षे पाहिली आहे.

घरी मात्र वजनाचा विषय काढला की वडीलधाऱ्या बायका घाबरवतात. या वयात जड उचलले की अंग (गर्भाशय) खाली येते, असे सासूबाई आणि नणंद दोघीही सांगतात. पूर्वी मी सूर्यनमस्कार घालत असे, ते पुन्हा सुरू करावेत का, हाही प्रश्न आहे. शिवाय माझे वजन तीन वर्षांत फारसे वाढलेले नाही, तरी कंबरेचा घेर वाढला आहे, हे कसे? ज्यांना या विषयाची माहिती किंवा अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

नीलमोहर (पुणे)

कृष्णाकाठताई, मी गेली १९ वर्षे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आणि तुमच्यासारख्या नेमाने चालणाऱ्या, तरीही अहवाल पाहून खचलेल्या बायका माझ्याकडे दर आठवड्याला येतात. चालण्याने तुमचे काहीही वाया गेलेले नाही, हे आधी सांगते. हृदय, रक्तदाब, साखर, झोप आणि मन या सगळ्यांसाठी ते उत्तम आहे. पण हाडाला जे हवे असते ते सपाट चालण्यातून फार थोडे मिळते.

हाड ही जिवंत वस्तू आहे. काही पेशी जुने हाड खात असतात आणि काही नवे बांधत असतात. इस्ट्रोजेन हे संप्रेरक खाणाऱ्या पेशींना आवरून धरते, आणि ते कमी होऊ लागले की झीज बांधणीच्या पुढे जाते. अमेरिकेत १९९०च्या दशकात सुरू झालेल्या ‘स्वान’ या दीर्घ अभ्यासात असे दिसले की, शेवटच्या पाळीच्या साधारण एक वर्ष आधीपासून ते नंतरच्या दोन वर्षांपर्यंत हाडांची घनता सर्वांत वेगाने घटते आणि त्यानंतर तो वेग मंदावतो. पाश्चात्त्य देशांत पाळी साधारण ५१व्या वर्षी थांबते, तर आपल्याकडे ते वय सरासरी ४६-४७ इतके अलीकडे आहे. म्हणजे तुम्ही नेमक्या त्या उताराच्या वर्षांत आहात. म्हणूनच, साठी उलटल्यावर पाहू असे म्हणणाऱ्या प्रत्येक बाईला मी आग्रहाने सांगते की सुरुवात आत्ताच करावी.

बांधणाऱ्या पेशी जाग्या होतात त्या हाडाला सवय नसलेला भार पडला तर. चालताना पडणारा भार तुमच्या हाडांच्या ओळखीचा झालेला आहे. पोहणे आणि सायकल चालवणे हृदयाला चांगले, पण त्यात शरीराचे वजन पाणी किंवा सीट पेलते, त्यामुळे हाडांच्या घनतेला त्यांचा विशेष उपयोग होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांतही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि त्याखेरीज किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंना ताकद देणारा व्यायाम, अशा दोन गोष्टी सांगितल्या आहेत. पहिली तुम्ही करता. दुसरी आपल्याकडे बायकांना कुणी सांगतच नाही.

जड वजनाची भीती वाटते म्हणून एक अभ्यास सांगते. ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘लिफ्टमोर’ नावाच्या प्रयोगात पाळी थांबलेल्या आणि हाडांची घनता कमी असलेल्या १०१ स्त्रियांना घेतले. एका गटाने आठवड्यातून दोनदा अर्धा तास, आठ महिने, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली खरोखर जड वजने उचलली, तर दुसऱ्या गटाने घरी हलका व्यायाम केला. पहिल्या गटाच्या कंबरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्क्यांनी वाढली आणि दुसऱ्या गटाची १.२ टक्क्यांनी घटली. २०१८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मात्र त्या स्त्रियांनीही पहिला महिनाभर हलक्या वजनावर केवळ पद्धत शिकण्यात घालवला होता. हे वाचून कुणीही एकदम मोठे वजन हाती घेऊ नये.

सुरुवात घरातल्या खुर्चीपासून करा. हात नसलेली खुर्ची सरकू नये म्हणून भिंतीला टेकवून ठेवा, दोन्ही हात छातीवर घ्या, तीन मोजत सावकाश बसा आणि एका दमात उठा. गुडघे आत वळू देऊ नका. अशा दहा-बारा उठाबशा सहज होऊ लागल्या की पाच किलो पिठाची पिशवी छातीशी कवटाळून त्याच करा. पुढचे पाऊल म्हणजे जमिनीवरून वजन उचलणे. यासाठी बादली घ्या, त्यात आधी तिसरा हिस्साच पाणी भरा आणि ती दोन पावलांच्या मध्ये ठेवा. पाठीचा बाक होऊ द्यायचा नाही. दोन्ही हातांत ताटे असली की आपण दार पाठीमागून लोटतो, तसे खुबे मागे न्यायचे, गुडघे थोडे वाकवायचे, बादली पायांच्या अगदी जवळून वर आणायची आणि उचलताना श्वास सोडायचा. बहुतेक बायका बादली शरीरापासून हातभर लांब ठेवून कंबरेतून वाकतात, आणि त्यांची कंबर धरते ती त्यामुळेच.

वजन पुरेसे आहे की नाही, याची खूण सोपी आहे. दहापैकी शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. अर्ध्या किलोची डंबेल्स तीस-तीस वेळा हलवून हाडांना काही कळत नाही. ओट्याला धरून टाचा उचलणे आणि त्या थोड्या जोराने खाली टेकवणे, भाजी परतताना एका पायावर उभे राहणे, हेही जोडीला ठेवा. तोल सुधारला की पडणे टळते, आणि खुबा बहुतेक वेळा पडल्यामुळेच मोडतो.

सूर्यनमस्काराबद्दल जरा जपून सांगते. तुमचा अहवाल पाहता ते वर्ज्य नाहीत, पण पाठ गोल करून डोके गुडघ्याला लावण्याचा अट्टहास सोडा. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये १९८४ साली मणक्याची हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रियांचा एक छोटा अभ्यास झाला होता. त्यात पुढे वाकण्याचेच व्यायाम करणाऱ्या गटातील ८९ टक्के स्त्रियांच्या मणक्यांत पुढे नवे दबलेले अस्थिभंग आढळले, तर पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण १६ टक्के होते. ज्यांचा टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली आहे त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. भुजंगासन आणि शलभासन अशी पाठीला बळ देणारी आसने मात्र हळूहळू अवश्य वाढवावीत.

आता अंग खाली येण्याविषयी. या भीतीच्या मागे आपल्या आजी-पणज्यांचे खरे हाल आहेत, म्हणून ती मी हसण्यावारी नेत नाही. लागोपाठची बाळंतपणे, बाळंतपणानंतर आठवडाभरातच डोक्यावर हंडे, जुनाट खोकला आणि बद्धकोष्ठ यांनी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल होतात. श्वास रोखून, कुंथून वजन उचलले तर तिथे ताण येतो. श्वास सोडत, टप्प्याटप्प्याने वाढवलेल्या वजनाची गोष्ट वेगळी आहे. खाली काही ओघळल्यासारखे वाटत असेल किंवा गाठ हाताला लागत असेल, तर मात्र स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवूनच पुढे जावे. छातीत दुखणे, चालताना भोवळ येणे, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा आधी झालेला अस्थिभंग असेल त्यांनीही प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

मोगरा (कोल्हापूर)

नीलमोहरताईंनी शेवटी ओटीपोटाच्या तळाच्या सैल स्नायूंचा उल्लेख केला, त्याविषयी मला माझा अनुभव लिहायचा आहे, कारण यावर आपण बायका आपसातही बोलत नाही.

वयाच्या ५१व्या वर्षी मी गल्लीतल्या मैत्रिणींबरोबर मंगळागौरीच्या खेळांच्या गटात गेले. झिम्मा, फुगडी, पिंगा यांत भरपूर उड्या असतात. दुसऱ्याच दिवशी उडी मारताना मला लघवी झाली आणि साडी ओली झाली. मी पाय मुरगळल्याचे सांगून घरी आले आणि पुढचे आठ महिने कुठलाही व्यायाम केला नाही. शिंक आली तरी पाय आवळून उभी राहायचे. कामाला जाताना पिशवीत जादा कपडे ठेवायचे. नवऱ्यालाही सांगितले नाही. पुढे दुसऱ्याच कारणाने एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले, तेव्हा त्यांनी आपणहून विचारले आणि मला तिथेच रडू फुटले.

त्यांनी मला पेल्विक फ्लोअरच्या, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या, व्यायामासाठी पाठवले. आर्नल्ड केगल या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ साली हे व्यायाम मांडले, म्हणून त्यांना केगल म्हणतात. वारा सरू नये म्हणून आपण जे स्नायू आवळतो, तेच आत आणि वर ओढायचे, सहा-आठ सेकंद धरायचे, आणि तितकाच वेळ पूर्ण सैल सोडायचे. पोट, मांड्या किंवा नितंब आवळायचे नाहीत आणि श्वास चालू ठेवायचा. मी पहिला महिनाभर पोटच आवळत होते आणि उपयोग होत नाही म्हणून कुढत होते. फिजिओथेरपिस्ट बाईंनी चूक दाखवली तेव्हा फरक पडू लागला. दिवसातून तीन वेळा दहा-दहा, असे तीन महिने केल्यावर मी पहिल्यांदा कोरडी राहून शिंकले, आणि तो दिवस मला आजही आठवतो.

त्यानंतर मी जिममध्ये नाव घातले. पहिल्या ठिकाणी मला तीन महिने फक्त ट्रेडमिलवर चालवले. वजनांच्या बाजूला गेले की तिथला प्रशिक्षक म्हणायचा, “काकू, ते तुमच्यासाठी नाही.” घाट चढून जाणारी बाई पैसे देऊन पट्ट्यावर का चालेल, हे त्याला कुणी विचारले नव्हते. मी ती जागा सोडली आणि एका मुलीकडे शिकू लागले, जी प्रत्येक वेळी माझ्या पाठीमागे उभी राहून पाठ सरळ आहे का ते पाहते. आज ५४व्या वर्षी मी ३० किलोचा बार जमिनीवरून उचलते. गॅस सिलिंडर सरकवायला मुलाची वाट पाहावी लागत नाही. फुगडीही घालते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. अंगातून निघणाऱ्या वाफा व्यायामाने थांबतील, अशी माझी आशा होती. त्या थांबल्या नाहीत, दोन वर्षांनी आपल्याच गतीने कमी झाल्या. झोप मात्र सुधारली आणि उगाच भरून येणारे रडू थांबले. वाफांचा फार त्रास असेल तर डॉक्टरांकडे त्यासाठी वेगळे उपचार आहेत, तेव्हा व्यायामावर सगळा भार टाकून सोसत बसू नये.

माळरान (लातूर)

मी स्त्रियांच्या आरोग्यासाठी खेड्यांत काम करते, म्हणून दोन गोष्टींची भर घालते. आमच्याकडे हा विषय काढला की, दिवसभर राबणाऱ्या बाईला आणखी कसला व्यायाम, असे सगळेच म्हणतात. शेतातले आणि घरातले कष्ट शारीरिक हालचालीत मोजले जातात, हे खरेच आहे. पण खुरपणी म्हणजे सहा-सात तास उकिडवे बसून पुढे वाकणे. रोज तेच काम, तोच ताण, आणि वर विश्रांती नाही की पोटभर वरण नाही. त्यातून काही स्नायू थकतात आणि पाठ ताणण्याची, खांद्याच्या वर वजन नेण्याची ताकद मात्र कधीच कमावली जात नाही. आम्ही बायकांना कामावरून आल्यावर पालथे झोपून छाती उचलण्याचा आणि भिंतीला हात टेकून जोर काढण्याचा व्यायाम दहा मिनिटे शिकवतो. कंबर हलकी वाटते म्हणून त्या तो टिकवतात. आठवड्यातून तीनदा एवढेच मागितले तर जमते. अर्धा तास मागितला की कुणीच येत नाही.

दुसरी गोष्ट रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९-२१च्या फेरीत, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. पाळी जाण्याच्या सुमारास बऱ्याच जणींना जास्त रक्तस्राव होतो. अशा बाईला दोन मजले चढून धाप लागली तर तिला व्यायामाचा आळस आहे असे समजू नये, तिचे हिमोग्लोबिन तपासावे. आणि ज्यांचे गर्भाशय लहान वयात काढले आहे, त्यांनी बीजकोशही काढले आहेत का हे कागदपत्रांत पाहून घ्यावे. बीजकोश काढले की इस्ट्रोजेन एका दिवसात तुटते आणि हाडांची झीज तिशीत-पस्तिशीतच सुरू होते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, पण त्या बायकांच्या हाडांचे पुढे काय, हे आजही फारसे कुणी विचारत नाही.

निवडुंग (ठाणे)

कंबरेच्या घेराबद्दल थोडक्यात लिहितो. पाळी थांबण्याच्या काळात स्नायू घटतात आणि चरबी मांड्यांऐवजी पोटात साठू लागते, म्हणून काट्यावरचा आकडा तोच राहून घेर वाढतो. आपल्या लोकांत ही ठेवण मुळातच असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा एकत्र फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. म्हणून आपण नुसत्या वजनावर विसंबू नये. भारतीय स्त्रीसाठी कंबरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की सावध व्हावे, असे मानतात.

माझ्या पत्नीची साखर मधुमेहाच्या काठावर आल्यावर आम्ही दोघांनी रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटे चालायला सुरुवात केली आणि तिने आठवड्यातून दोन दिवस वजने धरली. आपण खाल्लेल्या साखरेचा मोठा भाग स्नायूच उचलतात, तेव्हा स्नायू वाढवणे हे साखरेचेही औषध आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, काठावरच्या भारतीय रुग्णांनी आहार आणि व्यायाम सांभाळल्यावर मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले होते. घरातल्या पुरुषांना मी एवढेच सांगेन की, सकाळचे डबे वाटून घेतले तरच बाईला ही वीस मिनिटे मिळतात.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मोगराताई, तुमचे लिहिणे मी नणंदेला वाचून दाखवले. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग, तुझ्याबरोबर मीही येऊ का, असे तिने विचारले.

नीलमोहरताई, दोन शंका राहिल्या. उठाबशा काढताना माझा उजवा गुडघा कटकट वाजतो, तर थांबावे का? आणि फरक पडतो आहे की नाही हे पाहण्यासाठी डेक्सा पुन्हा कधी करावी?

नीलमोहर

नुसता आवाज असेल, दुखत नसेल आणि सूज येत नसेल, तर काळजीचे कारण नाही. दुखत असेल तर खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करा आणि दुखणार नाही तितकेच खाली जा. दुसऱ्या दिवशीपर्यंत गुडघा ठणकत राहिला तर दाखवून घ्या. डेक्सा एक-दोन वर्षांच्या आत पुन्हा करू नका. हाडाचा बदल इतका सावकाश होतो की लवकर केलेल्या चाचणीत तो दिसणारच नाही आणि तुम्ही विनाकारण निराश व्हाल.

तोपर्यंत घरच्या घरी ताकद मोजा. नणंदेच्या हातात घड्याळ द्या, हात छातीवर घेऊन खुर्चीवरून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजायला सांगा आणि तारखेसह लिहून ठेवा. दर महिन्याला त्याच खुर्चीवर मोजा.

कृष्णाकाठ

आज संध्याकाळी मोजले. माझे ११ झाले, नणंदेचे ९. अकराव्या वेळी माझ्या मांड्या थरथरत होत्या आणि चढावर रोज चालणाऱ्या पायांची ही अवस्था पाहून मला खरेच आश्चर्य वाटले. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दोघींचे आकडे लिहून ठेवले आहेत. उद्या पहाटे चालून आल्यावर, न्हाणीघराबाहेर, आईच्याच जुन्या बादलीत तिसरा हिस्सा पाणी भरून पहिली दहा उचलणार आहे.